रोजनिशीत काय लिहावं?

आजच्या भाषणाचा विषय दीर्घ आयुष्य आणि रोजनिशी. रोजनिशीचा विषय काढला की हमखास कुणीतरी विचारतं, "आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं घडतंच काय?" माझं सांगणं इतकंच, की थोर विचार लिहायला जाऊ नका. भाव काय होता, कोण आलं, कुणाला ताप होता, पाऊस पडला का, हे लिहा.

पुदुच्चेरीच्या आनंद रंग पिल्ले यांनी हेच केलं. पेशाने व्यापारी, फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेचे दुभाषी. 1736 मध्ये तमिळमधून लिहायला घेतलं ते जवळजवळ मरेपर्यंत. 1761 च्या जानेवारीत ते गेले. त्याच महिन्यात आपलं पानिपत झालं आणि पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतली. जहाज लागलं, सलामीच्या तोफा झाल्या, ज्योतिषी अमुक म्हणाला, सगळं वहीत. गव्हर्नरच्या बायकोवर तर त्यांचा भारी राग, पानंच्या पानं! 1748 मध्ये इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हाच्या लढाईचा वृत्तान्त सरकारी कागदांत मिळतो. गावातल्या माणसांची धास्ती मात्र पिल्ल्यांमुळे कळते. पुढे मद्रास सरकारने या रोजनिशीचे इंग्रजीत बारा खंड काढले. लिहिताना त्यांच्या स्वप्नातही हे नसणार.

पिल्ले लांबचे वाटत असतील तर घरचं सांगतो. माझे मामा शेतकरी. रात्री कंदिलाशी बसून दोन ओळी लिहायचे. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आमच्याकडे सगळे एकच सांगतात, की विहीर दिवाळीलाच आटली. वहीत मात्र संक्रांतीला लिहिलंय, "विहिरीला अर्धा परस पाणी. शेजारच्यांना दोन घागरी दिल्या." परस म्हणजे साधारण माणूसभर खोली. पुढे एके दिवशी, "मिलोच्या भाकरी. धाकटीला खाववत नाहीत. तिला सुकडी दिली." मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी, सुकडी म्हणजे तेव्हा मदत म्हणून वाटलेलं कोरडं पौष्टिक खाणं. ती धाकटी म्हणजे माझी मामेबहीण. तिला यातलं काही आठवत नव्हतं. वाचून ती रडली. आणि या वह्यांचं झालं काय? घर पाडताना बाकीच्या सगळ्या रद्दीत गेल्या. किलोवर! याचा मला आजही संताप येतो. घरातलं एक भांडं मोडीत काढायचं तर आपण चार जणांना विचारतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. खरा विषय होता दीर्घ आयुष्याचा, तो आता भरभर सांगतो. आठवण जशीच्या तशी राहत नाही. दर वेळी सांगताना आपण ती थोडी बदलतो आणि बदललेलीच खरी वाटू लागते. आयुष्य जितकं लांब, तितकी ही भर मोठी. सत्तरीत तिशीतली वही उघडली की कळतं, ज्या माणसावर आपण उभा जन्म रुसलो, तो त्या आठवड्यात दोनदा दवाखान्यात डबा घेऊन आला होता. ज्या निर्णयाला आज घाई म्हणतो, त्याच्यावर सहा महिने विचार चालला होता. दुखणी कधी सुरू झाली, कोणतं औषध सोसलं नाही, हे डॉक्टरांनाही उपयोगी पडतं.

खंड पडला तर पडू द्या, मागचं भरून काढत बसू नका. तारीख आणि गाव घाला, माणसांची पूर्ण नावं लिहा. नुसतं "बंडू आला" लिहिलं तर नातवाला कळायचं नाही कोणता बंडू. शाईचं पेन असेल तर वही ओलीपासून जपा. आणि आपल्यामागे वह्या कुणाकडे जायच्या, ते आजच पहिल्या पानावर लिहून त्या माणसाला सांगून ठेवा.