उभ्या गाडीतलं पिस्तूल

अमेरिकेत पिस्तूल लपवून बाळगणारा माणूस ते दिवसभर कमरेला लावूनच फिरतो, अशी आपली समजूत असते. त्याचा एक साधा दिवस बघा. सकाळी मुलाला शाळेत सोडायचं, मग पोस्टात पार्सल टाकायचं, दुपारी कोर्टात एक कागद द्यायचा. यातल्या एकाही दारातून त्याला पिस्तूल आत नेता येत नाही. घरी परत जायला वेळ नसतो. मग पिस्तूल गाडीत राहतं आणि मालक आत जातो. आज बोलायचं आहे ते या गाडीबद्दल, आणि तिच्याभोवती राज्याराज्यांतून येणाऱ्या विधेयकांबद्दल.

जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात निकाल दिला की घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. त्यानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा कडक राज्यांना परवाने अधिक सढळपणे द्यावे लागले. त्यावर उपाय म्हणून या राज्यांनी बंदी असलेल्या जागांची यादी लांबवली. दुसऱ्या टोकाला, आज 29 राज्यांत परवान्याशिवायच पिस्तूल लपवून बाळगता येतं. म्हणजे बाळगणारे वाढले, आणि बऱ्याच ठिकाणी मनाईच्या पाट्याही वाढल्या. या दोहोंच्या मध्ये उरतं पार्किंग. कायदे करणारे या दोन गोष्टी वेगवेगळ्या विधेयकांत मांडतात, ही माझ्या मते मुळातली चूक आहे. मनाईची प्रत्येक नवी जागा म्हणजे गाडीत राहणारं आणखी एक पिस्तूल, हे गणित एकाच कागदावर मांडायला हवं.

बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याच्या अहवालानुसार 2017 ते 2021 या पाच वर्षांत खासगी नागरिकांकडच्या 10 लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्याच्या नोंदी झाल्या. या चोऱ्यांत गाड्यांचा वाटा वाढत चालला आहे. एव्हरीटाउन या संस्थेने एफबीआयकडे शहरांनी पाठवलेल्या नोंदी तपासल्या. दशकभरापूर्वी चोरीच्या बंदुकांपैकी पाव हिस्सासुद्धा गाड्यांतून जात नव्हता, आता निम्म्याहून अधिक जातो. ही संस्था बंदूक-नियंत्रणाच्या बाजूची आहे, हे ध्यानात असू द्या. पण टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे पोलीस त्या वादात नाहीत, आणि तेही आपल्या शहराबद्दल हेच सांगत आले आहेत.

उभ्या गाडीतलं पिस्तूल कुलपात ठेवायला लावणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ज्या घटनेनंतर आला ती 1 जुलै 2015 ची. सॅन फ्रान्सिस्कोच्या पियर 14 वर वडिलांबरोबर फिरणाऱ्या 32 वर्षांच्या तरुणीला गोळी लागली. तिच्या मृत्यूवरून देशात वाद पेटला तो स्थलांतरितांबद्दल. ते पिस्तूल चार दिवस आधी केंद्र सरकारच्या एका रेंजरच्या उभ्या गाडीतून चोरीला गेलं होतं, या गोष्टीकडे फार थोड्यांनी पाहिलं. पाहणाऱ्यांनी 2016 मध्ये विधेयक मंजूर करून घेतलं. 1 जानेवारी 2017 पासून तो कायदा नागरिकांप्रमाणे पोलिसांनाही लागू झाला. कर्तव्यावरच्या तातडीच्या प्रसंगाची सूट तेवढी ठेवली.

हा कायदा वाचण्यासारखा आहे तो त्यातल्या व्याख्यांसाठी. 'मालक जवळ नसलेली गाडी' म्हणजे काय? मालक दहा पावलांवर उभा राहून सिगारेट ओढत असेल तर? कायदा अंतर मोजत नाही. गाडीत किंवा गाडीतल्या सामानाकडे कुणी हात घातला तर त्याला रोखता येईल इतक्या जवळ मालक आहे का, एवढंच विचारतो. 'नजरेस पडणं' म्हणजे खिडकीतून डोकावल्यावर दिसणं. काच काळी असली तरी, आणि टॉर्च मारल्यावर दिसलं तरीही. सीटखाली अर्धवट सरकवलेलं पिस्तूल म्हणजे लपवलेलं, अशी सबब त्यामुळे उरत नाही.

डिकीची व्याख्या तर मोटारीची रचना माहीत असलेल्याने लिहिलेली दिसते. पूर्ण बंद, कुलूपबंद आणि आत बसलेल्याचा हात पोचणार नाही, तीच डिकी. हॅचबॅक, स्टेशन वॅगन आणि एसयूव्हीची मागची जागा डिकी धरली जात नाही. वर पडदा ओढलेला असला तरी नाही. तुमच्यापैकी निम्म्यांकडे एसयूव्ही असेल. तुमच्यासाठी मार्ग एकच: कुलूपबंद पेटी, आणि तीही बाहेरून न दिसणारी. सेडानवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. डिकी उघडायचं बटण ड्रायव्हरच्या दारापाशी असतं आणि मागची सीट पुढे पाडता येते. काच फोडून आत हात घालणाऱ्याला ही दोन्ही वाटा मोकळ्या असतात. मागच्या सीटच्या खटक्याला चावी असेल तर ती फिरवून ठेवा.

आता ग्लव्ह बॉक्स, म्हणजे डॅशबोर्डमधला कप्पा. सगळ्यात जास्त पिस्तुलं ठेवली जातात तिथेच, आणि सगळ्यात जास्त मतभेदही त्यावरच आहेत. कॅलिफोर्नियात तो 'कुलूपबंद पेटी' धरला जात नाही. न्यूयॉर्कच्या 2022 च्या कायद्यात ग्लव्ह बॉक्स चालणार नाही असं शब्दांत लिहिलेलं आहे. शेजारच्या कनेटिकटमध्ये मात्र 2019 च्या कायद्याने डिकी, कुलूपबंद तिजोरी किंवा कुलूपबंद ग्लव्ह बॉक्स, तिन्ही चालतात; मोडलं तर पहिल्यांदाच क्लास ए मिसडीमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्यांतला सर्वांत वरचा; पुन्हा मोडलं तर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. कनेटिकटमधल्या हार्टफर्डहून निघालेला माणूस दोन तासांत न्यूयॉर्कच्या हद्दीत पोचतो आणि मघाची कायदेशीर जागा बेकायदा होते. तंत्राच्या दृष्टीने माझा कौल न्यूयॉर्कच्या बाजूने आहे. ग्लव्ह बॉक्सचं दार प्लॅस्टिकचं, खटका पातळ, कुलूप हलकं. जाड स्क्रूड्रायव्हर घालून पिळला की दार सुटतं. शिवाय चोर काच फोडल्यावर पहिला हात तिथेच घालतो, कारण पाकीट, चार्जर आणि गाडीचे कागदही तिथेच असतात.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी 1986 चा केंद्रीय कायदा आहे. निघण्याच्या आणि पोचण्याच्या दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणं कायदेशीर असेल तर वाटेतल्या राज्यांतून ती नेता येते. अट अशी की ती रिकामी हवी आणि बंदूक वा गोळ्या हाताशी नसाव्यात. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी. ग्लव्ह बॉक्स आणि दोन सीटमधला कन्सोल चालत नाही. पोस्टाची गोष्ट आणखी विचित्र. तिथला केंद्रीय नियम इमारतीपुरता नाही, पोस्टाच्या मालकीच्या पार्किंगलाही लागू आहे. गाडीत कुलपात ठेवूनसुद्धा तिथे गाडी लावता येत नाही. दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने 2015 मध्ये हा नियम उचलून धरला. त्यानंतरही त्याला आव्हानं दिली गेली आहेत. तूर्त शहाणपण हे की गाडी रस्त्यापलीकडे लावावी.

पेटी कोणती घ्यावी, हा प्रश्न नेहमी येतो. बाजारात दोन प्रकार आहेत. पहिली छोटी पोलादी पेटी. साधारण 16 गेजचा, म्हणजे दीड मिलिमीटरचा पत्रा, आणि पाचेक मिलिमीटर जाडीची केबल. केबल सीटच्या पोलादी रुळाभोवती किंवा सांगाड्याभोवती फिरवायची. हेडरेस्टच्या दांडीला किंवा सीटबेल्टला अडकवलेली पेटी म्हणजे चोराला दिलेली पिशवी. हेडरेस्ट बटण दाबून निघतं आणि पट्टा चाकूने कापला जातो. केबलही चांगल्या कटरपुढे टिकत नाही. पण पार्किंगमधल्या चोराकडे अर्धं मिनिट असतं आणि बहुधा कटर नसतो, त्याच्यासाठी ती पुरते. दुसरा प्रकार कन्सोलच्या आत बसणारी तिजोरी. 12 गेजचा जाड पत्रा, आणि ती कारखान्यातल्याच बोल्टच्या जागी आतून आवळली जाते, त्यामुळे दार बंद असताना बोल्टपर्यंत पाना पोचत नाही. गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळी घ्यावी लागते आणि महाग पडते. रोज पिस्तूल काढून ठेवावं लागणाऱ्याने तीच घ्यावी.

पेटीचं माप पिस्तुलाचं घेऊ नका, होल्स्टरसकट, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानासकट घ्या. मध्यम आकाराचं पिस्तूल सुमारे 19 सेंटिमीटर लांब असतं. होल्स्टर आणि क्लिप धरून जाडी बरीच वाढते. पेटी लहान पडली की लोक पिस्तूल होल्स्टरमधून उपसतात आणि घोटाळा तिथेच होतो. सीटवर वाकडं बसून, जाकिटाच्या नाडीत बोट अडकलेलं असताना उघडं पिस्तूल हाताळलं जातं आणि गोळी स्वतःच्या मांडीत जाते. म्हणून होल्स्टर पट्ट्यावरून सोडवायचा आणि ट्रिगर झाकलेला असतानाच दोन्ही एकत्र पेटीत ठेवायचे. हेही मुक्कामी पोचल्यावर नाही. आधीच्या एखाद्या निवांत जागी किंवा घरच्या गॅरेजमध्ये करायचं. दुकानासमोर गाडी लावून डिकी उघडून काहीतरी ठेवणारा माणूस बघणाऱ्याला सगळं सांगून जातो. मागच्या काचेवर बंदूक कंपनीचं स्टिकर लावणाराही तेच सांगत असतो.

इथे कायदा आणि सुरक्षित सवय यांची टक्कर होते. न्यूयॉर्क म्हणतं, गाडीत ठेवण्याआधी गोळ्या काढा. ऐकायला बरोबर वाटतं. पण दिवसातून चारदा मॅगझिन (गोळ्यांचा खोका) काढायचं, चेंबरमधली (नळीच्या मागच्या कप्प्यातली) गोळी बाहेर काढायची आणि परत भरायची, हे सगळं पार्किंगमध्ये. हाताळणी वाढली की अपघाताची शक्यता वाढते. दुसरी अडचण बारीक आहे. तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवली की तिचं टोक दर वेळी चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर आपटतं आणि काडतुसात थोडं थोडं मागे सरकतं. आतली जागा कमी होते आणि उडवताना दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. जिथे रिकामं करणं सक्तीचं आहे तिथे चेंबरमधली गोळी दर वेळी बदला. जुनी गोळी नव्या गोळीशेजारी उभी धरून लांबी बघा, आखूड दिसली तर बाद करा. विधेयक लिहिणाऱ्यांनी कुलूपबंद पेटीचा आग्रह धरावा. रिकामं करण्याची सक्ती काढावी, असं मी म्हणेन.

उन्हाची भीती अनेकांना वाटते. टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा आतला भाग 60 अंशांच्या आसपास जातो. त्याने गोळ्या आपोआप उडत नाहीत, पण महिनोन्महिने त्या उष्णतेत राहिल्या तर काडतुसातली दारू खराब होते. आधी दगा देते ती इलेक्ट्रॉनिक कुलपाची बॅटरी. पेटी घ्याल तर चावीची किंवा आकडे फिरवायच्या यांत्रिक कुलपाची घ्या.

विधेयकं अडतात कुठे? टेनेसीत मार्च 2023 मध्ये नॅशव्हिलच्या एका शाळेत गोळीबार झाला. ऑगस्टमध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं, पण बंदुका ठेवण्याबाबत हाती लागलं ते एवढंच: तिजोऱ्यांवरचा विक्रीकर माफ आणि कुलपं फुकट. गाडीत बंदूक कशी ठेवायची याची सक्ती आली नाही. शहरांनी स्वतः नियम करावा तर बहुतेक राज्यांत तो अधिकार राज्याने स्वतःकडे ठेवला आहे. टेनेसीतल्याच मेंफिसच्या मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये असे नियम मतदानाने मान्य केले, तरी राज्याच्या कायद्यापुढे ते कागदावरच राहिले. व्हर्जिनियात 2024 मध्ये फार सौम्य विधेयक आलं होतं: गाडीत पिस्तूल बाहेरून दिसत असेल तर 500 डॉलरपर्यंत दंड. गव्हर्नरांनी त्यावरही व्हेटो वापरला.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. गाडीत पिस्तूल नीट न ठेवण्याचा गुन्हा बहुतेक वेळा उघडकीस येतो तो चोरी झाल्यावरच. अनेक राज्यांत चोरी कळवणं सक्तीचं आहे; न्यूयॉर्कमध्ये 24 तासांत, कॅलिफोर्निया आणि कोलोराडोत 5 दिवसांत. म्हणजे तक्रार द्यायला गेलेला माणूस स्वतःचाच कबुलीजबाब देतो. शिक्षा जेवढी जड, तेवढे लोक गप्प बसणार. आणि सिरियल नंबर वेळेत पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदीत गेला नाही तर चोरीचं पिस्तूल ओळखताच येत नाही. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कोलोराडोच्या कायद्याने टणक कवचाची कुलूपबंद पेटी सक्तीची केली, पण मोडल्यास फक्त दिवाणी दंड ठेवला. मला हा मार्ग पटतो. वेळेत तक्रार देणाऱ्याला तोही माफ करावा. सिरियल नंबर आणि पिस्तुलाचा फोटो घरी ठेवा. गाडीत ठेवलेला कागद गाडीबरोबरच जातो.

आपल्या मराठी घरांत एक अडचण खास असते. नवरा नागरिक, बायको अजून एच-4 वर. किंवा भाऊ एच-1बीवर आलेला आणि गाडी सगळ्यांची. अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. ताबा म्हणजे हातात धरणंच असं नाही. आत काय आहे हे माहीत असणं आणि ते काढता येणं, एवढ्यावरही ताबा सिद्ध होऊ शकतो. तेव्हा दुसरं कुणी गाडी नेणार असेल तर पिस्तूल आधी घरच्या तिजोरीत हलवा, आणि पेटीची चावी गाडीच्या जुडग्यात कधीच अडकवू नका.