टू-स्ट्रोक मोटोक्रॉस: कानस हातात घ्यायच्या आधी

(हातात सिलिंडर, एक्झॉस्टची खिडकी कॅमेऱ्याकडे)

हा 125 सीसीचा सिलिंडर माझाच. ही खिडकी दिसतेय? एक्झॉस्ट पोर्ट, जळका वायू बाहेर जायची वाट. हिचा वरचा काठ मी एकदा दीड मिलिमीटर घासला. रात्रभर बसून, मोठ्या हौसेने. सकाळी ट्रॅकवर गेलो, तर रोजचा चढ चढेना. वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, गाडी नुसती किंचाळत होती आणि खाली दमच नाही. क्लच दाबून दाबून हाताला गोळे आले. घासलेला धातू काही परत चिकटत नाही, त्यामुळे आता हा टेबलावर पेनं ठेवायला.

नमस्कार मंडळी. टू-स्ट्रोक मोटोक्रॉसचं इंजिन बनवताना बहुतेक जण नेमकं या खिडकीपासून सुरू करतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटचं काम.

पहिलं काम, गळती. टू-स्ट्रोकचा क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा बंद डबा, हाच पंप असतो, त्याला हवा खेचायला चोरवाट मिळाली की संपलं. कार्ब्युरेटरची आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करा, स्पार्क प्लगच्या भोकातून हातपंपाने 6 पीएसआय दाबाची हवा भरा आणि काटा बघत बसा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त पडला, तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. मॅग्नेटोकडचं ऑइल सील गेलं असेल तर इंजिन बाहेरची हवा खेचतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, धूर वाढतो आणि ऑइलची पातळी गुपचूप खाली येते. असल्या इंजिनावर महागडा पाइप चढवून काय उपयोग?

(सोल्डरची तार जवळून)

आता ही तार. साधी, सोल्डरिंगची. प्लगच्या भोकातून आत घालायची, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकलं पाहिजे. तार पिस्टनपिनच्या (पिस्टनला रॉड जोडणारी आडवी पिन) रेषेतच धरा, कारण आडव्या दिशेला पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. मग पिस्टन हळूच वरच्या टोकापलीकडे फिरवायचा. बाहेर काढल्यावर टोक असं चपटं झालेलं असतं, हे बघा. व्हर्नियर लावतो... 1.35. पिस्टन आणि सिलिंडरच्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या, कडेमध्ये एवढी फट उरते, तिला स्क्विश म्हणतात. 125 ला मी ती 1 मिलिमीटरच्या आसपास आणतो. कडेचं मिश्रण झटक्यात मधे ढकललं जातं, ज्वलन जलद होतं आणि खालचा दम वाढतो.

फट कमी करायला खालचं गॅस्केट पातळ घालता येतं. पण थांबा. सिलिंडर खाली बसला की त्याच्यासोबत सगळे पोर्टही खाली येतात, म्हणजे टायमिंग, पोर्ट कधी उघडतात-मिटतात ते, बदललं. टू-स्ट्रोकमध्ये एकाच गोष्टीला हात लावणं असं काही नसतंच.

म्हणूनच पुन्हा या खिडकीकडे. मोटोक्रॉस 125 मध्ये ती दर फेरीला साधारण 190 अंश उघडी असते. 11,000 आरपीएमला त्याचा वेळ काढा, 3 मिलिसेकंदही भरत नाही. तेवढ्यात जळका वायू बाहेर आणि ताजं मिश्रण आत. हे जमवतो तो हा पोटफुगा पाइप, एक्स्पान्शन चेंबर. वायूचा धक्का पाइपच्या रुंद होत जाणाऱ्या भागात पोचला की उलट दिशेने ओढ येते. ती सिलिंडर रिकामा करते, थोडं ताजं मिश्रणही पाइपमध्ये ओढते. मग तोच धक्का पुढच्या अरुंद शंकूवर आपटून परत फिरतो आणि निसटलेलं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये कोंबतो. हिशोब जुळतो तो ठराविक आरपीएमलाच. गाडी पाइपवर आली म्हणतात, ती हीच जागा.

ही विद्या टोकाला नेली पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीतल्या वाल्टर काडेन यांनी. 1961 मध्ये त्यांचं 125 सीसीचं इंजिन 25 हॉर्सपॉवर देत होतं, म्हणजे लिटरमागे 200. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडे गेला, सोबत ही विद्या सुझुकीकडे गेली आणि 1962 मध्ये 50 सीसीचं विश्वविजेतेपद त्याने सुझुकीवर मिळवलं. पाइपच्या मापांसाठी माणसं देश सोडत होती, आणि मी कानस घेऊन अंदाजाने बसलो होतो!

माझं नेमकं चुकलं कुठे? 54.5 मिलिमीटर स्ट्रोकला काठ 1 मिलिमीटर वर गेला की खिडकी साधारण 4 अंश जास्त उघडी राहते. मी दीड घासला, म्हणजे 6 अंश. इंजिनाला आता आणखी वरचा आरपीएम हवा होता. पाइप मात्र जुनाच, लांब, खालच्या आरपीएमसाठी बांधलेला. घासायचंच असेल तर क्रँकला लावलेल्या अंशांच्या चकतीवर अंश मोजून, पाव-पाव मिलिमीटरने घासा. आणि शेवटी काठ गोलसर करा, नाहीतर पिस्टनची रिंग खिडकीत अडकून तुटते.

ऑइलबद्दल एक गैरसमज. पेट्रोलमध्ये जास्त ऑइल मिसळलं की मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, होतं असं वाटतं ना? उलट होतं. जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या इंधनाच्या बारीक भोकातून, जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. 32 ला 1 धरलंत तर 5 लिटर पेट्रोलला 156 मिली, दरवेळी मापूनच. प्रमाण बदललंत तर जेटिंग, म्हणजे जेटचं माप, पुन्हा बघा.

नवीन जोडणीला मी मेन जेट मुद्दाम दोन नंबर मोठा घालतो. गाडी वरच्या आरपीएमला गुरगुरते, अडखळते, अडखळू दे. पूर्ण थ्रॉटलला थोडं पळवायचं, तिथेच किल-स्विच (इंजिन बंद करायचं बटण) आणि क्लच एकदम दाबायचा, प्लग काढायचा. प्लगच्या आतल्या पांढऱ्या पोर्सेलीनच्या तळाशी तपकिरी कडं दिसेपर्यंत एकेक नंबर खाली. कडं न दिसता सगळं पांढरंच दिसलं तर जेट पुन्हा वर, आणि गाडी ढकलत परत आणा. मी आणलीय.