रोल्लाचा वड

(दृश्य: पहाटे साडेपाच. रोल्ला चौक, शारजा. डब्याच्या पिशव्या घेऊन बसकडे निघालेली माणसं.)

हे शारजा, संयुक्त अरब अमिरातीतलं. दुबईला लागूनच आहे. आणि हा रोल्ला भाग. इथल्या बोलीत रोल्ला म्हणजे वड. या चौकात एके काळी खरोखरच एक मोठा वड होता. ईदला लोक त्याच्या सावलीत जमायचे, फांद्यांना झोके बांधायचे. १९७८ साली तो वड गेला. आता चौकातल्या बागेत त्याच्या आठवणीचं शिल्प आहे आणि नाव सगळ्या भागालाच चिकटलंय.

मी चिपळूणची. ऑगस्ट १९९९ मध्ये इथे आले तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. वटपौर्णिमेला गावातल्या वडाला फेऱ्या मारल्या आणि दोन महिन्यांत वडाच्याच नावाच्या गल्लीत येऊन राहिले, जिथे वड नव्हता. तेव्हापासून दर जूनमध्ये भिंतीवर वडाचं चित्र लावते आणि त्याला दोरा गुंडाळते. आमच्या इमारतीत पूर्वी चार मराठी घरं होती, आम्ही सगळ्या एकाच चित्राची पूजा करायचो. बाकीची तिन्ही घरं आता कॅन्सल करून गेली.

‘कॅन्सल करून जाणं’ हा आखातातला शब्द. व्हिसा रद्द करून कायमचं परत जायचं. बाजारात कुणी कार्टन बांधायला दोरी घेताना दिसलं की आम्ही पहिलं हेच विचारतो, सुट्टीवर चाललात की कॅन्सल करून?

(दृश्य: दुबईकडे जाणारा रस्ता. सहा पदरी, सगळे पदर थांबलेले.)

हे दुबईत एका गोदामात हिशेब बघतात. सकाळी साडेपाचला निघतात. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, पण संध्याकाळी घरी यायला कधी दीड तास, कधी दोन. दुबईत भाडं परवडत नाही म्हणून शारजात राहायचं आणि भाड्यातले वाचलेले पैसे रस्त्यावर वेळ देऊन फेडायचे. इथली हजारो घरं हेच करतात. मुलीचं बालपण यांनी बहुतेक झोपलेलंच पाहिलं.

(दृश्य: टायपिंग सेंटर. काउंटरवर अर्जांचा गठ्ठा.)

इथे येताना व्हिसा तीन वर्षांचा मिळायचा. २०११ पासून तो दोन वर्षांचा झाला. आजवर माझा व्हिसा अकरा वेळा नव्याने निघाला. दर वेळी तेच. टायपिंग सेंटरला, म्हणजे सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानात अर्ज, मग मेडिकल. रक्त काढतात, छातीचा एक्स-रे काढतात. एक्स-रेच्या खोलीत थंड पत्र्याला छाती टेकवून श्वास रोखला की माझ्या मनात दर वेळी एकच विचार येतो, काही निघालं तर? घरातली भांडी, मुलीची शाळा, भाड्याचे पुढच्या तारखांचे दिलेले चेक, सगळं त्या एका श्वासावर टांगलेलं असतं.

माझा व्हिसा यांच्यावर, यांचा कंपनीवर. कंपनी गेली की हे गेले, हे गेले की मी गेले. लग्नाआधी चिपळूणच्या एका पतपेढीत मी पाच वर्षं नोकरी केली होती, पण कागदावर माझा व्यवसाय एकच: गृहिणी.

एक नक्की सांगते. या देशाने आम्हाला पुष्कळ दिलं. दादाच्या मुलांची शिक्षणं, आईची दोन ऑपरेशनं, चिपळूणच्या घराची स्लॅब हे सगळं इथल्या दिरहमांतून झालं. रात्री बारा वाजता मी आणि माझी मुलगी निर्धास्त चालत घरी येतो. माझी तक्रार देशाबद्दल नाही. छत्तीस-छत्तीस, चोवीस-चोवीस महिन्यांचे तुकडे जोडून सव्वीस वर्षं काढायला लागतात, ते मला लागतं.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. ‘आई’ हे नाव. कॉल लागत नाही.)

आणि हा फोन. इथे व्हॉट्सॲपवरून मेसेज जातो, फोटो जातो, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर तोही जातो. कॉल मात्र लागत नाही. इंटरनेटवरून बोलायचं तर मंजुरी असलेलं वेगळं ॲप घ्यायचं. मी ते घेतलं. पण माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शेजारची तारामावशी अमेरिकेतल्या नातवाशी व्हॉट्सॲपवर तासन्‌तास बोलते, मग माझीच लेक का बोलत नाही, हे तिला कसं समजावू? ती तिकडून लावते आणि म्हणते, “काय गो बाय, वाजतो नि तुझा आवाजच येत नाय.” मग मी साध्या फोनवरून लावते आणि ती पहिल्या मिनिटातच म्हणते, “ठेव आता, बिल येईल.” सव्वीस वर्षं आम्ही दोघी बिलाच्या धाकात बोलतोय.

(दृश्य: संग्रहित चित्रण. चिपळूण, जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत.)

२२ जुलै २०२१. पहाटे दादाचा एक मेसेज आला, पाणी अंगणात आलंय. त्यानंतर काही नाही. वीज गेली, टॉवर गेले. आमची बाजारपेठ मी टीव्हीवर पाहिली. दुकानांच्या पाट्या तेवढ्या पाण्याच्या वर होत्या. दीड दिवस माझी आई आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं.

मी विमानात का बसले नाही? कारण त्या वर्षी २४ एप्रिलच्या रात्रीपासून भारतातून येणाऱ्या प्रवाशांना इथे बंदी होती. कोरोनाची दुसरी लाट. जाता येत होतं, परत येता येत नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीस माझा व्हिसा संपत होता. मी गेले आणि तिथेच अडकले तर इथलं सगळं मोडणार होतं. मी या खिडकीपाशी बसून हिशेब केला आणि गेले नाही. आईने त्याबद्दल मला आजवर एक शब्द विचारलेला नाही.

नवा व्हिसा आणि नवं ओळखपत्र हातात आल्यावर सप्टेंबरात, गणपतीच्या आदल्या दिवशी पोचले. भिंतीवर चिखलाची रेघ देवघराच्याही वर होती. आई अंगणात एक वही वाळवत बसली होती. तिची फोननंबरांची वही. एकेक पान सुटं करून, त्यावर खडे ठेवून. त्यात माझं पान होतं. १९९९ पासूनचे माझे सगळे नंबर, एक खोडून त्याखाली दुसरा, दुसरा खोडून तिसरा. निळी शाई पसरली होती, आकडे वाचता येत नव्हते. नंबर तिला तोंडपाठ होता. तरी ते पान तिने टाकलं नाही.

(दृश्य: संध्याकाळ. गॅलरीतली तुळस. मुलगी कामावरून येते.)

आता पुढचं. यांना दोन वर्षांत साठ पूर्ण होतील. इथे आम्हा परदेशी लोकांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी असते. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा निघालाय, पण त्यासाठी दहा लाख दिरहमांची शिल्लक किंवा तेवढं घर लागतं, नाहीतर दरमहा मोठं उत्पन्न. आमच्याकडे यातलं काही नाही. २०१९ पासून मोठ्या मुदतीचा गोल्डन व्हिसाही आहे. ज्यांना मिळाला त्यांचा मला आनंद आहे.

मुलगी २००२ ची, इथेच जन्मलेली. पासपोर्ट भारताचा, रोल्लाच्या गल्ल्या तोंडपाठ. आता तिचा व्हिसा तिच्या नोकरीवर आहे. परवा जेवताना म्हणाली, “बाबांची नोकरी संपली की तुम्हा दोघांचा व्हिसा मी काढते. पगार अटीत बसला की लगेच.” जिचा अर्ज मी टायपिंग सेंटरला उभी राहून भरायची, ती आता आमचा अर्ज भरणार. हे जेवता जेवता थांबले, पाणी प्यायले, काही बोलले नाहीत. मला फार बरं वाटलं, आणि आत कुठेतरी दुखलंही.

कारण मला काय हवंय, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. मला नागरिकत्व नको. मला एक अख्खा पावसाळा हवा. मृगापासून गणपती जाईपर्यंत, चिपळुणात, आईच्या शेजारी. इथून सलग १८० दिवस बाहेर राहिलं की व्हिसा बाद होतो, म्हणून तिकडे गेले की त्या दिवसापासून बोटं मोजायची सवय लागलीय. ते न मोजता राहायचंय. वटपौर्णिमेला कागदाच्या नाही, मुळं धरलेल्या वडाला फेऱ्या मारायच्यात. आणि मग या गल्लीत परत यायचंय, कारण माझी लेक इथे आहे.

(दृश्य: टेबलावर ओळखपत्र. तारखेवर कॅमेरा.)

माझ्या कार्डावरची तारीख ऑगस्ट २०२७. त्या वर्षी वटपौर्णिमा जूनमध्ये येते. जूनचं तिकीट काढायचं हे आमचं नक्की झालंय. जाण्याचं काढायचं की जाण्यायेण्याचं, यावर रोज रात्री बोलतो, आणि यांना पहाटे उठायचं असतं म्हणून दिवा मालवतो.