खिळे घासणारा मुलगा

(दृश्य : तळहातावर शिशाचा एक खिळा. मागे ओतशाळेतला आवाज.)

हा छापखान्यातला खिळा. उंची साधारण २३.३ मिलिमीटर. वरच्या टोकाला उलटा ‘क’. साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या बुडाशी शेपूट असतं आणि दोन्ही अंगांना धातूची बारीक कड आलेली असते. शेपूट मोडून टाकायचं, कड दगडावर घासून काढायची.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हे काम पोरांकडे असे. १८३९ साली गरीब घरात जन्मलेले जावजी दादाजी चौधरी लहान वयात तिथे खिळे घासायला बसले.

काम हलकं समजलं जाई, पण देवनागरीची खरी मेख तिथेच आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. एखादा खिळा जरा कमी घासला गेला तर डोळ्याला खुपत नाही. आपली शिरोरेघ मात्र एका खिळ्यावरून दुसऱ्यावर जाते. कड राहिली की दोन खिळ्यांत फट पडते आणि रेघ तुटते. जास्त घासलं तर रेघेचं टोकच जातं. आणि एकच बाजू जास्त झिजली तर खिळा पाचरीसारखा होतो. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, आवळला की ओळीतली अक्षरं वर उचलली जातात आणि कागदाला भोकं पाडतात. हे सगळं बोटांना कळावं लागतं.

या छापखान्याचे प्रमुख टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांचा आकार लहान करण्यावर मेहनत घेतली होती. अक्षर कोरण्यापासून खिळा ओतण्यापर्यंतचं सगळं जावजींच्या डोळ्यांसमोर होत होतं. पुढे आणखी छापखान्यांत नोकऱ्या झाल्या, आणि १८६४ मध्ये, पंचविशीत, त्यांनी खिळे ओतायची स्वतःची ओतशाळा काढली. अक्षरं कोरायला होते राणोजी रावजी आरू. जावजींच्या पुढच्या छापखान्याच्या नावाने, निर्णयसागरचं वळण म्हणून जे ओळखलं जातं, ते या हातचं. जावजींचं नाव घेताना राणोजींचं मागे राहतं, हे काही बरोबर नाही.

(दृश्य : दिव्याची ज्योत. तिच्यावर धरलेला पोलादी ठसा.)

अक्षर कोरायचं ते मऊ केलेल्या पोलादी कांबीच्या टोकावर, उलटं, कानशीने आणि कोरणीने. ‘क’च्या पोटातली पोकळी, ‘ठ’चा गोल, असे भाग दुसऱ्या लहान ठशाने आत दाबून घेतात. मधूनमधून टोक ज्योतीवर काजळायचं आणि कागदावर टेकवायचं. काजळीच्या त्या उमटलेल्या अक्षरावरून कळतं, कान्याची जाडी किती आली, गाठ कुठे जड झाली. मनासारखं झालं की पोलाद तापवून पाण्यात विझवायचं आणि पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा कमी करायचा. ताठा जास्त राहिला तर तांब्यावर ठोकताना ठसा तडकतो, आठवड्याची मेहनत एका घावात जाते. कमी राहिला तर कडा बसतात आणि अक्षर बोथट उमटतं.

ठोकल्यावर तांबं बाजूंनी फुगतं. ते कानसून सारखं करायचं, आणि सगळ्या अक्षरांची खोली एकच ठेवायची. ‘ग’ची मातृका, म्हणजे तांब्यात उमटलेला अक्षराचा साचा, केसभर खोल गेली तर पुस्तकभर ‘ग’ जास्त दाबला जातो, काळा दिसतो.

मग ओतकाम. शिशात अँटिमनी कडकपणासाठी, कथील नीट वाहावं म्हणून. रस हातसाच्यात ओतला की लगेच साचा वर झटकायचा, म्हणजे तो वेलांटीच्या टोकापर्यंत पोहोचतो. रस थंड असेल तर अक्षर अर्धवट येतं, खिळा आतून पोकळ राहतो आणि छापताना दबतो.

त्यात आपल्या मात्रा. त्या वेगळ्या ओतून अक्षराच्या वर-खाली बसवल्या, तर एका ओळीसाठी तीन थर जुळवावे लागतात आणि वरची मात्रा डावी-उजवीकडे सरकते. अक्षरासकट ओतल्या, म्हणजे अखंड खिळे केले, तर पान देखणं दिसतं. पण खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढतात. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला इंग्रजीच्या दोन केसी, म्हणजे खिळे ठेवायचे घरांचे खण, पुरतात, इथे त्याच्याभोवती चार मांडाव्या लागतात.

(दृश्य : पंचांगाचं जुनं पान.)

१८६९ मध्ये छापखाना सुरू झाला. त्याला नाव मिळालं ते ‘निर्णयसागर’ पंचांगावरून.

पंचांग म्हणजे आकड्यांचं जंगल. तिथी किती घटिका, किती पळं; घटिका २४ मिनिटांची, पळं तिच्यात ६०. सूर्योदयाच्या आसपास तिथी पालटत असेल तर एका आकड्यावर एकादशी इकडची तिकडे होते. केसीत ‘१’च्या घरात ‘९’ पडला असेल, तर जुळाऱ्याचा हात तो तसाच उचलतो, कारण हात घर ओळखतो, बघत नाही. म्हणून एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. आणि हे सगळं पाडव्याच्या आधी. पाडवा गेल्यावर न खपलेलं पंचांग रद्दीच.

छापील अक्षराला धर्मकृत्यात जागा मिळायला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शाईत चरबी असेल, या धास्तीने भटजी छापील कागदाला हात लावत नसत, असं गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये लिहून ठेवलं आहे. शाईचे रूळ तर सरस आणि काकवीचे, सरस जनावराचा. पावसाळ्यात हे रूळ दमट हवेने चिकट होत आणि अक्षरांची पोटं शाईने भरून टाकत, ती वेगळीच कटकट. धार्मिक मजकूर छापायची ही वाट छापखानदार गणपत कृष्णाजींनी जावजींच्या आधी पाडली होती. जावजींनी त्या वाटेवर शास्त्र्यांचा विश्वास बसवला, आणि तो बसला शुद्ध पाठामुळे.

मूळ श्लोक मोठ्या खिळ्यात, खाली टीका लहान खिळ्यात, तळाशी पाठभेद त्याहून बारीक, आणि तरीही पान गुदमरलेलं नाही. ‘अष्टांगहृदय’, ‘अमरकोश’, ‘सिद्धान्तकौमुदी’ अशी पुस्तकं यायला लागली. १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब तिचे संपादक. हस्तलिखितांत अडकलेली काव्यं तिच्यातून पाठशाळांपर्यंत गेली. आजही पाठाचा वाद निघाला की कोणीतरी विचारतंच, “निर्णयसागर प्रतीत काय आहे?”

शास्त्र्यांइतकीच मुलांचीही सोय तिथे झाली. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये निघालं, ते याच छापखान्यातून. अर्धवट उमटलेली वेलांटी शास्त्री अंदाजाने वाचून घेतो. नुकतं वाचायला शिकलेलं मूल तिथेच अडकतं.

(दृश्य : मुखपृष्ठं, एकामागून एक. कॅमेरा फक्त तळच्या ओळीवर.)

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी गेले. वय साधारण ५३.

आता फक्त पानाच्या तळाकडे बघा. मालक म्हणून आधी जावजी दादाजी. नंतरच्या पुस्तकांवर त्यांचे चिरंजीव, तुकाराम जावजी. मग पांडुरंग जावजी. १९४० नंतरच्या पुस्तकांवर सत्यभामाबाई पांडुरंग. पत्ता कोलभाट गल्ली, मुंबई. आडनाव कुठेच नाही.

(दृश्य : शेवटच्या मुखपृष्ठावर कॅमेरा थांबतो. ‘सत्यभामाबाई’ या शब्दावर भिंग. सहा अक्षरं, वर एकच रेघ, कुठे फट नाही.)