नवी मोटर आणण्याआधी

मंडळी, समोर शाळेची पोरं बसलीयत, त्यांचे आई-वडील आहेत, आणि मागच्या रांगेत बेळगावच्या उद्यमबागेतली आमची वाइंडिंगवाली, म्हणजे मोटरीची तार गुंडाळणारी, माणसं दिसतायत. विषय आहे छोट्या मोटरींचा: खेळण्यातल्या, रोबोच्या गाडीतल्या, गणपतीच्या हलत्या देखाव्यातल्या. या मोटरी एकसारख्या का चालत नाहीत ते बघायचंय. माझा आग्रह एवढाच, की मोटर बदलण्याआधी ती मोजा. पन्नास-साठ रुपयांची वस्तू म्हणून पोरं ती सरळ कचऱ्यात टाकतात, आणि दोष गाडीत तसाच राहतो.

एका रोबो स्पर्धेतली गोष्ट सांगतो. खानापूरकडच्या एका मुलीची दोन मोटरींची गाडी होती. सरळ सोडली की हटकून डावीकडं वळायची. परीक्षक म्हणाले, मोटर खराब आहे. पोरीनं दोन्ही नव्या टाकल्या. गाडी पुन्हा डावीकडं! डावी मोटर उजवीकडं आणि उजवी डावीकडं लावली, तरी तेच. शेजारच्या टेबलावरचे एक काका म्हणाले, उत्तरेकडं तोंड करून सोडून बघ. तिनं तशीही सोडली की. उत्तरेकडं जाताना पण डावीकडंच वळली. परीक्षकांनी गुण कापले. का वळते, हे तिला कुणीच सांगितलं नाही. याचा मला आजही राग येतो. त्या वयाच्या पोरीला गुणांपेक्षा कारण जास्त हवं असतं.

नंतर आम्ही चाकं काढून ठेवली आणि एक मोटर थेट सेलला जोडली. फिरली, आवाज बारीक, म्हणजे वेग जास्त. वायरी उलट केल्या. फिरली, पण आवाज जाड, म्हणजे वेग कमी. दुसरी मोटरही तशीच. दोन्ही मोटरी जुळ्या, दोन्ही चांगल्या, पण दोन्ही एका दिशेला जोरात आणि दुसऱ्या दिशेला हळू!

आता गाडीत बघा. मोटरी एकमेकींकडं पाठ करून बसवलेल्या असतात. गाडी पुढं जायची तर एकीला सुलट फिरावं लागतं, दुसरीला उलट. मग अदलाबदल करून काय होणार? जी उलट फिरेल ती हळूच राहणार. मागच्या रांगेतल्यांना हे लगेच कळलं असेल. ब्रश म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे. मोठ्या डीसी मोटरीत ते ज्यावर बसतात तो ब्रश रॉकर असतो, तो सैल करून ब्रश न्यूट्रलवर, म्हणजे दोन्ही दिशांना वेग सारखा राहील अशा जागी, आणतात. ब्रश जरा पुढं-मागं झाले की दोन दिशांचा वेग सारखा राहत नाही. छोट्या मोटरीत ब्रश प्लॅस्टिकच्या टोपीत पक्के बसवलेले असतात, तिथं रॉकर कुठला? आणि जी मोटर एकाच दिशेनं फिरायला बनवलीय, तिचे ब्रश काही वेळा मुद्दामच थोडे सरकवून बसवतात. म्हणून भंगारातली मोटर गाडीला लावण्याआधी ती दोन्ही दिशांना फिरवून आवाज ऐका. पोरीनं प्रोग्रॅममध्ये जोरातल्या मोटरीच्या वेगाचा आकडा थोडा कमी केला, आणि गाडी फरशीच्या रेघेवरून सरळ गेली.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. मग मोटर हळू चालली किंवा अडखळली तर काय बघायचं, ते भराभर सांगतो.

आधी सेल. मोटर फिरत असताना तिच्याच दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. मोकळ्या सेलचं मोजून उपयोग नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोकळी असताना ९ दाखवते आणि मोटर लावली की कोसळते, ती मोटरीसाठी नाहीच. रोबोच्या गाडीत मोटरीला करंट देणारी एल२९८एन ड्रायव्हरची पट्टी स्वतःच साधारण २ व्होल्ट खाते, म्हणजे ६ व्होल्ट दिले तर मोटरीला ४ पोचतात.

मग गिअर. मोटर गिअरमधून काढून नुसती फिरवा. नीट फिरली तर दोष दात्यांत नाहीतर वाकड्या चाकात. बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कडीला, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही कम्युटेटरपासून, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांपासून, जपून. दिवाळीच्या किल्ल्यात रात्रभर दवात राहिलेल्या मोटरीला तर हे आधी करा.

तरी अडखळते? मग पत्र्याचे कान उचलून टोपी काढा. कम्युटेटरच्या तीन पट्ट्या दिसतील. त्यांच्या फटींत ब्रशची काळी भुकटी भरली की करंट पट्टीवरून पट्टीवर पळतो. दात कोरायच्या काडीनं फटी साफ करा, कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा. पॉलिश पेपर नको, त्याची खर ब्रशमध्ये अडकते. मग मल्टिमीटरनं दोन-दोन पट्ट्यांमधला रोध मोजा, आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. तिन्ही वेळा सारखा आला तर कॉइल ठीक. एक आकडा बाकीच्या दोघांच्या दुप्पट आला, म्हणजे ६, ३, ३ असा, तर एक कॉइल तुटलीय. एकाच पट्टीशी जोडलेल्या दोन्ही जोड्यांत काहीच आलं नाही तर त्या पट्टीवरचा सोल्डर सुटलाय, डाग द्या. अशी मोटर एका जागी अडते आणि बोटानं ढकलली की चालते.

मी मीटर आणि डागणी आणलीय. ज्यांनी मोटरी आणल्यात त्यांनी टेबलाशी या, एकेक उघडूया.