दीड लाखाचा गेमिंग पीसी आणि त्यातला छोटासा कूलर

नमस्कार मंडळी. पालक पण बरेच आलेत हे बघून छान वाटलं, कारण हा विषय जितका पोरांचा तितकाच पैसे भरणाऱ्यांचा आहे. रेडीमेड गेमिंग पीसी घेताना आपण काय बघतो, तर प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, रॅम किती, आरजीबी लाइट आहेत का. प्रोसेसर थंड ठेवायला त्याच्यावर कूलर, म्हणजे धातूचा ठोकळा आणि पंखा, कोणता बसवलाय हे मात्र जाहिरातीत बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, लिहिलं तरी 'अ‍ॅडव्हान्स्ड कूलिंग' असं काहीतरी गोलमाल. आणि दीड लाखाचं मशीन ज्याच्यामुळे सत्तर-ऐंशी हजाराच्या मशीनसारखं चालायला लागतं ती जागा नेमकी हीच असते.

इंटेलचा कोअर आय-सेव्हन १३७००एफ घ्या. त्याच्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, आणि पीसी जोडणारे पण बरेचदा तोच आकडा धरून कूलर निवडतात. पण ६५ हा बेस क्लॉकचा, म्हणजे साध्या वेगाचा आकडा आहे, टर्बोमध्ये, म्हणजे तो जोरात पळतो तेव्हा, त्याची कमाल पॉवर इंटेलनेच २१९ वॅट दिलीये. बाराव्या जनरेशनच्या १२७००एफचं पण तसंच, ६५ आणि १८०. गेम खेळताना तो पूर्ण कमालीला सहसा जात नाही हे खरं, पण शंभरच्या आसपास आरामात जातो, आणि नवीन गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर, म्हणजे गेमच्या ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम, कंपाइल होतात ना तेव्हा प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लागतात. एवढी उष्णता बाहेर काढायला ९२ एमएमचा पंखा आणि मूठभर अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते जमणार नाही, सरळ गोष्ट आहे.

मग काय होतं? या दोन्ही प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच क्लॉक, म्हणजे आपला वेग, आणि व्होल्टेज खाली आणतो, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही तापमान वाढत गेलं तर मशीन धाडकन बंद. ही सोय फार मोलाची आहे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटवाल्यांनी चालू मशीनवरून हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा ठोकळा, काढून दाखवला होता, तेव्हा इंटेलचा पेंटियम ४ नुसता हळू झाला आणि चालत राहिला, एएमडीचा अ‍ॅथलॉन मात्र धूर सोडून कायमचा गेला. आज प्रोसेसर जळत नाही, वाचतो. पण त्यामुळेच बिघाड दिसत नाही, एरर येत नाही, गेम फक्त अडखळतो, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

ओळखीतल्या एका मुलाचा पीसी असाच होता, १२७००एफवाला, कंपनीचं नाव घेत नाही. सायबरपंक हा गेम सुरुवातीला मस्त चालायचा आणि थोड्या वेळाने झटके. त्याने ड्रायव्हर बदलले, विंडोज परत टाकली, रॅम काढून बसवली, घरचे म्हणाले तूच काहीतरी डाउनलोड केलं असशील. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं, त्याची काडीची चूक नव्हती. एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे तापमान आणि क्लॉक दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून बघितलं तर प्रोसेसर १०० वर चिकटलेला आणि क्लॉक साडेचार गिगाहर्ट्झवरून तीनच्या खाली. कॅबिनेट उघडलं तर समोर अख्खी बंद काच, मागे एकच पंखा, आणि प्रोसेसरवर बॉक्समधला स्टॉक कूलर, जो चार प्लास्टिकच्या पुश-पिनांवर बसतो. त्यातली एक पिन बोर्डमधून वर आलेली होती, बहुतेक कुरियरच्या धक्क्यांनी. म्हणजे कूलरचा एक कोपरा प्रोसेसरला धड टेकतच नव्हता, आणि काढून बघितलं तर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता नेणारी पेस्ट एका बाजूला दाबली गेलेली, दुसऱ्या बाजूला जशी लावली तशीच जाड.

आता हे घरी कसं ओळखायचं ते नीट ऐका. टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही, म्हणून एचडब्ल्यूइन्फो टाका, फुकट आहे. मग सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण लोड देणारी टेस्ट, चालवा आणि तापमान किती जातं यापेक्षा कसं चढतं ते बघा. लोड दिल्याबरोबर एक-दोन सेकंदात ९५-१०० झालं तर कूलर नीट टेकत नाहीये, पिन सैल आहे, पेस्ट गेलीये किंवा कूलरच्या खालची पारदर्शक फिल्म काढायची राहिलीये, हो, तीही राहून जाते. पण गेममध्ये दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत गेलं तर कॅबिनेटमध्ये हवा फिरत नाहीये. ग्राफिक्स कार्ड पण आतच तापत असतं, आरटीएक्स ४०७० एकटं २०० वॅटपर्यंत जातं, आणि प्रोसेसरचा कूलर तीच गरम हवा ओढतो. मग, पीसी वॉरंटीत नसेल तर, साइड पॅनल काढून तोच गेम परत खेळा, दहाएक डिग्री उतरलं तर दोष कॅबिनेटचा, काहीच फरक नाही पडला तर कूलरचा.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी नाहीतर उगाच घाबराल. एएमडीच्या रायझन ७००० मधले एक्सवाले प्रोसेसर, उदाहरणार्थ ७७००एक्स, फुल लोडवर ९५ डिग्रीला जाऊन तिथेच चालावेत असेच बनवलेत. तिथे नुसतं तापमान बघून ओरडू नका, क्लॉक पडतोय का ते बघा. आणि इंटेलमध्ये क्लॉक पडतोय पण तापमान ७० च आहे, तर तो पॉवर लिमिटचा, म्हणजे किती वॅट घ्यायचे याच्या मर्यादेचा प्रकार आहे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, बसवलेला, त्याला नवीन कूलर घेऊन काही होणार नाही.

आणि आपलं नागपूर. यूट्यूबवरचे रिव्ह्यू एसीमधल्या वीस-बावीस डिग्रीच्या खोलीत केलेले असतात, कूलर नेहमी खोलीच्या तापमानाच्या वर इतके डिग्री असाच चालतो, त्यामुळे तिथे ८० दाखवणारा पीसी मे महिन्यात आपल्या ४० च्या खोलीत शंभरीला टेकणारच. खिडकीतल्या कूलरने खोली उतरते, ते चांगलंच आहे, पण त्याच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका, पाण्याचे थेंब आणि क्षार आत जातात.

उपाय महाग नाहीत हेच तर दुःख आहे. चार हीटपाइप, म्हणजे उष्णता वर नेणाऱ्या नळ्या, आणि १२० एमएम पंख्याचा सिंगल टॉवर कूलर अडीच-तीन हजारांत येतो, समोर जाळीचं पॅनल आणि दोन पंखे लावले की बहुतेक पीसी सुधारतात. एवढी रक्कम लाखभराच्या मशीनवर वाचवणं मला ग्राहकाची सरळ फसवणूक वाटते, मी हे कुठेही सांगायला तयार आहे. तोवर बायोस परवानगी देत असेल तर पॉवर लिमिट १००-१२० वॅटवर आणा, गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही आणि झटके जातात. फक्त नवीन कूलर मागवण्याआधी बोर्ड बघून घ्या, काही कंपन्या स्वतःच्या मापाचे बोर्ड आणि वेगळे फॅन कनेक्टर वापरतात, तिथे बाजारातला कूलर बसतच नाही.

मागून लिक्विड कूलरचं विचारतायत, म्हणजे पंपाने द्रव फिरवून रेडिएटरमध्ये थंड करणारा. २४० किंवा ३६० एमएमचा रेडिएटर असेल तर जरूर घ्या. १२० चा छोटा रेडिएटर दाखवून 'लिक्विड कूल्ड' म्हणून विकतात तो चांगल्या एअर टॉवरच्या पुढे जात नाही, शिवाय पंप बंद पडला की बायोसमध्ये नुसतं बसल्या बसल्या तापमान चढायला लागतं.

वॉरंटीचं पण विचारलं कुणीतरी. वॉरंटीत असेल तर आधी स्वतः काही खोलू नका. एचडब्ल्यूइन्फोचा स्क्रीनशॉट, तापमान आणि क्लॉक दोन्ही दिसतील असा, ईमेलने पाठवा, फोनवर बोलून सोडून देऊ नका, आणि 'पीसी स्लो आहे' असं न लिहिता 'लोडवर प्रोसेसर थर्मल थ्रॉटल होतोय' असंच लिहा, म्हणजे विंडोज परत टाका म्हणून टाळता येत नाही.