वाफशावरची भाजी

[दृश्य: विहिरीकाठचा लहानसा तुकडा, उजाडताना. एका मुठीत काळी माती.]

ही माती वरची नाही, अर्धी वीत उकरून काढलेली आहे. मूठ घट्ट आवळली की तिचा लाडू होतो. अंगठ्याने दाबलं तर लाडू फुटतो आणि हाताला चिखल लागत नाही. हा वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी. लाडू फुटायच्या ऐवजी चेपला आणि बोटांवर ओल चकाकली, तर आज पाणी नको. लाडू वळलाच नाही, माती भुगा होऊन गळाली, तर पाण्याला उशीर झालाय.

तापीकाठच्या या भारी जमिनीत केळी आणि कपाशी पिकते. घरच्या भाजीला मिळतो तो विहिरीजवळचा दोन गुंठ्यांचा कोपरा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. एवढ्या जागेत पाच-सहा माणसांच्या घराची बरीचशी भाजी निघते. निघत नाही तेव्हा दोष उन्हाला दिला जातो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दोष द्यायला ऊन सोयीचंच. पण या मातीत भाजी तहानेने जेवढी मरते, त्याहून जास्त पाण्याने मरते.

[दृश्य: भर दुपार. माना टाकलेली वांग्याची झाडं.]

काळी माती पाणी धरते, फुगते, आतली हवा बाहेर ढकलते. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी ओढायचं थांबवतात आणि ओल्या मातीतही झाड सुकल्यासारखं दिसतं. ते बघून माणूस आणखी पाणी सोडतो. म्हणून दुपारी मान टाकलेल्या झाडावरून काही ठरवायचं नाही, उन्हात निरोगी झाडही पानं पाडतं. झाड बघायचं ते सकाळी सहाला. तेव्हाही ते उभं नसेल, तर आधी माती उकरायची आणि मगच विहिरीकडे बघायचं.

दुसरं टोकही वाईटच. माती पार वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडताना बारीक मुळं तुटतात, आणि नंतर दिलेलं पाणी मुळांपाशी न थांबता भेगेतून थेट खाली जातं. त्यामुळे भाजीला सपाट वाफा नको, गादीवाफा हवा: रुंदी एक मीटर, उंची १५ ते २० सेंटिमीटर. त्यावर ठिबकच्या नळ्या आणि नळ्यांवर सुक्या पाल्याचा चार बोटं थर. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रपाळीत मोटर चालू करून झोपलं, की सकाळी वाफ्याचं डबकं झालेलं असतं. दर ४० सेंटिमीटरवर ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड, असलेल्या दहा मीटर नळीवर २५ ड्रिपर येतात. ताशी ४ लिटरचे असतील तर तासाला १०० लिटर पाणी पडलं. हिवाळ्यात वांग्याच्या मोठ्या झाडाला दिवसाला दोन-तीन लिटर पुरतं. हा हिशेब मोटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवलेला बरा.

विहिरीचं पाणी क्षारांचं असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पुटं धरतात आणि एका ओळीत चार झाडं तरारलेली, पाचवं कोमेजलेलं दिसतं. लोक त्या पाचव्या झाडाला औषध मारत बसतात. आठवड्यातून एकदा नळीचं शेवटचं टोक उघडून गढूळ पाणी जाऊ द्यावं, जाळीचा फिल्टर धुवावा.

[दृश्य: पारदर्शक प्लास्टिकने झाकलेला वाफा. कडांवर मातीची भर.]

मे महिन्याचं ऊन इथे फुकट मिळणारं औषध आहे. रोपांचा वाफा तयार करून एकदा भिजवायचा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं आणि कडा मातीने बुजवायच्या, वाफ कुठून सुटता कामा नये. चार ते सहा आठवड्यांत तणाचं बरंचसं बी आणि रोपं कोलमडवणारी बुरशी खालच्या खाली भाजून निघते. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र याने मरत नाहीत. त्या खणूनच काढाव्या लागतात. खुरप्याने वरून कापला तर लव्हाळा दुप्पट जोमाने येतो.

शेणखत गुंठ्याला २०० किलोच्या आसपास, पण पूर्ण कुजलेलं. मूठभर घेऊन वास घ्यावा. शेणाचा वास आला तर ते अजून उकिरड्यातच राहू द्या. कच्च्या खताबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते, वाळवी येते, वर तणाचं बीही येतं.

आता भरिताची वांगी. हिरवट, अंगावर पांढुरक्या रेघा असलेली, मोठी आणि कमी बियांची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बी जूनमध्ये टाकायचं. अर्ध्या गुंठ्याला दोन-तीन ग्रॅम पुष्कळ झालं. दहा सेंटिमीटरवर रेघा ओढायच्या, एक सेंटिमीटर खोल, आणि बी विरळ सोडायचं. दाट पडलं की रोपांमध्ये हवा खेळत नाही. मग एका सकाळी रोपं आडवी दिसतात: पानं हिरवी, पण मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला. हा कोलमडण्याचा रोग, आणि संध्याकाळच्या झारीने तो वाढतो. पाणी सकाळीच द्यावं. बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळलेलं असलं तर निम्मी काळजी मिटते.

रोपं पाच-सहा आठवड्यांची, वीतभर झाली की लावायची. त्याआधी चार दिवस पाणी तोडायचं, काढण्याच्या आदल्या दिवशी भिजवायचं आणि लावणी ऊन उतरल्यावर करायची. अंतर ९० बाय ७५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्यात ७५ झाडं. जागा मोकळी दिसते म्हणून मध्ये आणखी रोपं खुपसायचा मोह सगळ्यांना होतो. दिवाळीच्या सुमारास तिथे हात घालायलाही जागा उरत नाही.

[दृश्य: जवळून. वाळलेला एक शेंडा. नखाने चिरल्यावर आत गुलाबी अळी.]

सगळं झाड हिरवं आणि एकच शेंडा मान टाकून बसलेला. हे पाण्याचं काम नाही, आत शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खालून शेंडा कापायचा, पिशवीत भरायचा आणि वाफ्यापासून लांब नेऊन जाळायचा. कापून तिथेच टाकला तर अळी बाहेर येऊन मातीत कोष करते. फळ धरल्यावर हीच अळी फळात शिरते. तिचं आत जाण्याचं भोक इतकं बारीक, की वांगं चिरेपर्यंत कळत नाही. मोठं भोक दिसतं ते ती बाहेर पडल्याचं. अळी एकदा आत गेली की वरून केलेला फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. दर तीन दिवसांनी शेंडे काढणं, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे एक-दोन कामगंध सापळे आणि फुलं लागण्याआधीपासून पाच टक्के निंबोळी अर्क, एवढं सलग केलं तर घरच्या वाफ्याला पुरतं. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून गाळायचा. एखाद्या झाडाची पानं बारीक होऊन झुपक्यासारखी आली, तर तो तुडतुड्यांनी आणलेला पर्णगुच्छ. त्या झाडाला फळ येत नाही. उपटायचं.

मिरचीची पानं आकसली की सरसकट ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात आणि दुकानातून मिळेल ते आणतात. पान उलटून बघितलं तर निम्मा खर्च वाचतो. कडा वर वळल्या तर फुलकिडे. खाली वळून पान उलट्या होडीसारखं झालं तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी रस शोषणारी कीड. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात नाही. ३५ अंशांच्या पुढे गंधकाने पानंच भाजतात.

मेथी-कोथिंबिरीचं फार काही नाही. धणे पायताणाखाली रगडून दोन फोडी करून पेरावेत, आणि सगळा वाफा एकदम न पेरता दर दहा दिवसांनी एक पट्टा. मेथी महिनाभरात येते. होळीनंतर दोन्हींचा नाद सोडलेला बरा.

[दृश्य: केळीची बाग. बांधापलीकडे काकडीचे वेल.]

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात एक अडचण वेगळी आहे. केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, मावा किडीमार्फत पसरतो, आणि काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची ही त्याची मुक्कामाची घरं. भाजीचा तुकडा केळीला खेटून असेल तर नुकसान बांधाच्या दोन्ही बाजूंना होतं. अशा जागी वेलवर्गीय भाज्या टाळाव्यात. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके दिसलेला वेल ठेवून बघायचा नाही. केळीची सुकी पानं आच्छादनाला मात्र उत्तम, आणि तीही फुकट.

एप्रिलपासून टोमॅटोची फुलं गळतात. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की परागच नासतात, त्याला टॉनिकचा उपाय नाही. या दिवसांत गवार आणि भेंडी धरावी. उन्हाची झळ पश्चिमेकडून लागते, म्हणून त्या बाजूला मार्चआधीच मक्याच्या दोन दाट ओळी उभ्या असाव्यात. रानडुकरांना मका आवडतो, हेही आधीच सांगितलेलं बरं.

[दृश्य: संध्याकाळ. पऱ्हाट्यांचा जाळ, वर वांगी.]

भरिताचं वांगं कातडी चकाकते तोवर तोडावं. चमक गेली की आत बी निबर झालं. फेब्रुवारी संपताना शेवटचा तोडा होतो आणि झाडं उपटली जातात. ती बांधावर रचून ठेवली, तर वाळक्या काटक्यांतून पोखरणाऱ्या अळीचे पतंग निघतात आणि पुढच्या लावणीवर येऊन बसतात. म्हणून कपाशीच्या पऱ्हाट्यांवर शेवटची वांगी भाजताना उपटलेली झाडंही त्याच जाळात जातात.